सर्व्हर डाऊन नाही, आपल्याकडे सर्व्हर नाहीच

"सर्व्हर डाऊन झाला" हे वाक्य ऐकलं की हल्ली माझं डोकं सणकतं. कसला सर्व्हर? आमच्या ट्रान्सपोर्टच्या बुकिंग ऑफिसात सर्व्हर नावाची वस्तूच नाही. अकाउंटंटच्या टेबलाखाली एक पीसी आहे. त्याच्यावर तो दिवसभर जीएसटी भरतो, मेल बघतो, प्रिंटा काढतो. त्याच पीसीच्या डी ड्राइव्हवर एक शेअर केलेलं फोल्डर, त्यात अ‍ॅक्सेसची, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रोग्रॅमची, एक फाइल, आणि ती एकच फाइल सहा टेबलांवरून उघडून सहा जण बिल्ट्या, म्हणजे मालाच्या वाहतूक-पावत्या, बनवतात. याला सगळे सर्व्हर म्हणतात. आणि ती अडकली की सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळतात.

अडकते कधी? संध्याकाळी सातनंतर. गाडी दारात लागलेली असते, हमाल गाठी चढवत असतात, ड्रायव्हर कागदांसाठी काउंटरला टेकून उभा असतो. दुसऱ्या राज्यात जाणारा ५०,००० रुपयांच्या वरचा माल ई-वे बिलाशिवाय, म्हणजे जीएसटीच्या त्या ऑनलाइन वाहतूक-कागदाशिवाय, हलवता येत नाही, आणि त्या बिलात बिल्टीचा नंबर, गाडीचा नंबर टाकायचा तर आधी बिल्टी तयार पाहिजे. पण स्क्रीनवर काय, तर 'अनरेकग्नाइज्ड डेटाबेस फॉर्मॅट', म्हणजे फाइल ओळखताच येत नाही. मग जो तो आपापला पीसी बंद करून चालू करतो. कुणाला विचारायचं नाही, कुणाला सांगायचं नाही, सरळ पॉवरचं बटण दाबून धरायचं! अहो, फाइल अर्धवट लिहिली जात असताना पीसीचा गळा दाबलात तर ती फाइल सुधारेल की आणखी बिघडेल?

हे मी कितीदा समजावलंय. खरा डेटाबेस सर्व्हर असतो तिथे एका मशीनवर एक प्रोग्रॅम चालतो, सगळे त्याच्याकडे मागणी करतात आणि फाइलमध्ये लिहितो फक्त तो. तुमची वायर मध्येच निघाली तर तुमची अर्धवट नोंद तो रद्द करतो, बाकीच्यांना धक्का लागत नाही. आपल्याकडे तसं काही नाही. अकाउंटंटचा पीसी फक्त फाइल सांभाळतो. लिहिण्याचं काम प्रत्येकाचा पीसी स्वतः, वायरीतून, थेट त्या फाइलमध्ये करतो. एकाच रजिस्टरात सहा जणांनी एकाच वेळी सहा पेनांनी लिहावं, असा हा कारभार. चार-चार केबीच्या पानांत सगळा डेटा असतो. त्यातलं एक पान लिहिता लिहिता कनेक्शन तुटलं की अख्खी फाइल उघडायची थांबू शकते. म्हणजे चूक एकाच्या टेबलावर आणि शिक्षा सहाच्या सहा जणांना.

आणि कनेक्शन तुटायला आपल्याकडे काय कमी कारणं आहेत? स्विच, म्हणजे सगळ्या पीसींच्या वायरी जिथे जोडल्यात तो डबा, भिंतीशी जमिनीवर पडलेला आहे. त्याचा अडॅप्टर ढिला, धूळ इतकी की लाइटी दिसत नाहीत. काउंटरच्या पीसीच्या लॅन केबलच्या जॅकची ती छोटी प्लॅस्टिकची जीभ तुटलेली आहे, त्यामुळे जॅक आत बसल्यासारखा दिसतो पण अडकत नाही. कुणी खुर्ची मागे सरकवली की तो केसभर बाहेर येतो आणि फाइल गेली. नवा जॅक क्रिंप करायला पाच मिनिटं लागतात, खर्च चहापाण्याइतकाही नाही. पण जॅक बसवणारा माणूस बोलवायचा म्हटलं की, "चालतंय ना सध्या? मग राहू दे." सगळ्या पीसींना यूपीएस आहे आणि ज्याच्यातून सगळ्यांचा डेटा जातो त्या स्विचला नाही. वीज गेली की पीसी सगळे चालू आणि मधला रस्ताच बंद! त्यात अकाउंटंटचा पीसी जेवणाच्या सुट्टीत झोपतो, कारण स्लीपची सेटिंग बदलायला तो हात लावू देत नाही. "माझ्या पीसीला काही करायचं नाही," म्हणतो. अहो, तो तुमचा एकट्याचा पीसी राहिलाय कुठे?

केबिनमधल्या लॅपटॉपबद्दल तर बोलायलाच नको, पण बोलणार आहे. धाकटे शेठ तीच फाइल वायफायवरून उघडतात. दोन भिंतींपलीकडे राउटर आणि लॅपटॉप घेऊन फोनवर बोलत फेऱ्या. अ‍ॅक्सेसची शेअर केलेली फाइल वायफायवर चालवू नये, हे या विषयातला कुणीही माणूस पहिल्या वाक्यात सांगेल. वायफायला क्षणभर दम लागला तर यूट्यूबचा व्हिडिओ थांबून पुन्हा सुरू होतो, ही फाइल तसं करत नाही. मी सांगितलं तर म्हणाले, "नेट तर फुल आहे." नेटचा इथे संबंध काय!

ती फाइल उघडली की तिच्या शेजारी त्याच नावाची, कुलपाचं चित्र असलेली एक छोटी लॉक फाइल तयार होते. कोण कोण आत आहे त्याची नोंद त्यात असते. नोटपॅडमध्ये उघडली तर पीसींची नावं वाचता येतात. आमची वाचा: 'डेस्कटॉप' आणि पुढे सात निरर्थक अक्षरं. दुसरा? 'डेस्कटॉप' आणि दुसरी सात अक्षरं. युजर सगळ्यांचा एकच, 'अ‍ॅडमिन'. मग मेसेज येतो की अमुक मशीनवरच्या अ‍ॅडमिनने फाइल अडवून ठेवली आहे, आणि सगळे मला विचारतात, अ‍ॅडमिन कोण? पीसींना 'काउंटर', 'गोडाऊन', 'अकाउंट' अशी नावं द्या, एवढंच मागितलं होतं. हार्डवेअरवाला म्हणाला, त्याचे वेगळे पैसे होतील. नाव बदलायचे पैसे!

त्याच्याकडे औषध एकच, "फॉरमॅट मारूया." फोल्डरच्या परमिशन बघणार नाही. लॉक फाइल तयार करायला आणि पुसायला प्रत्येकाला त्या फोल्डरात तसा अधिकार लागतो, नाहीतर जो पहिला उघडेल तो अख्खी फाइल अडवून बसतो. हे तो ऐकूनच घेत नाही. २०१८ मध्ये विंडोज १० च्या अपडेटनंतर ठिकठिकाणी अशा शेअर केलेल्या फाइली 'इनकन्सिस्टंट स्टेट' (आतला डेटा जुळत नाही) म्हणत बिघडायला लागल्या होत्या. तेव्हा फाइल जिथे ठेवलीय त्या मशीनवर एसएमबीचं लीजिंग (नेटवर्कवर शेअर केलेल्या फाइलचा भाग पीसीने तात्पुरता स्वतःकडे धरून ठेवायची विंडोजची सोय) बंद करा, हा उपाय मायक्रोसॉफ्टनेच सांगितला होता. म्हणजे शोधलं तर कारण सापडतं आणि इलाजही सापडतो. पण शोधायचं कुणी? फॉरमॅटचं बिल फाडणं सोपं.

सगळ्यात जास्त संताप कशाचा येत असेल तर कॉप्यांचा. फाइल उघडेना म्हणून गोडाऊनवाल्या दादांनी ती आपल्या डेस्कटॉपवर कॉपी करून घेतली आणि दिवसभर त्याच कॉपीत एंट्र्या केल्या. इकडे काउंटरवर मूळ फाइल सुरू होती. संध्याकाळी एकाच नंबरच्या बिल्ट्या दोन पार्ट्यांच्या नावावर निघाल्या. एक सुरतेला, एक बेंगळुरूला. त्या जुळवताना माझ्या डोळ्यांतून पाणी यायचं बाकी होतं. फोल्डर उघडा, आत 'डेटा', 'डेटा नवीन', 'डेटा खरा', 'डेटा फायनल हाच वापरणे'. याला बॅकअप म्हणतात हे लोक. फाइल चालू असताना मारलेली कॉपी भरवशाची नसते. सगळ्यांनी बाहेर पडायचं, मग कॉपी घ्यायची, तारीख टाकून पेनड्राइव्हवर ठेवायची. पण सगळे बाहेर पडतील तर ना. कॉम्पॅक्ट अँड रिपेअर (फाइल आवळून दुरुस्त करायची अ‍ॅक्सेसमधली सोय) करायलासुद्धा फाइलमध्ये कुणीच नसावं लागतं, आणि कुणीतरी स्क्रीन लॉक करून घरी गेलेलं असतं, फोन उचलत नाही.

फाइलही फुगत चाललीय. माल मिळाल्याची पोच आली की तिचा फोटो डेटाबेसमध्येच चिकटवायचा, हा हुकूम वरून आला. अ‍ॅक्सेसच्या फाइलची मर्यादा २ जीबी आहे, त्यापुढे ती एक एंट्रीही घेणार नाही. जुनं पुसलं तरी कॉम्पॅक्ट केल्याशिवाय आकार कमी होत नाही. फोटो वेगळ्या फोल्डरात ठेवा, डेटाबेसमध्ये फक्त त्याचा पत्ता ठेवा, हे मी लिहून दिलं होतं. कागद कुठे गेला कुणास ठाऊक.

मी फार काही मागत नाही. टेबलं, म्हणजे डेटाचे तक्ते, एका फाइलमध्ये, फॉर्म आणि रिपोर्ट दुसऱ्या फाइलमध्ये, आणि त्या दुसऱ्या फाइलची प्रत प्रत्येकाच्या पीसीवर. हे वेगळं करायची सोय अ‍ॅक्सेसमध्येच आहे, एका दुपारचं काम. एक जुना पीसी फक्त फाइलसाठी बाजूला, स्लीप बंद. स्विचला यूपीएस. केबिनमध्ये एक वायर. पुढे जमलं तर टेबलं एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्याच खऱ्या डेटाबेस सर्व्हरमध्ये, न्या, ते फुकट मिळतं, २०२२ च्या आवृत्तीत एका डेटाबेसला १० जीबीपर्यंत जागा आहे, आणि फॉर्म आहेत तेच चालतात. यातलं काहीही एका चुकीच्या बिल्टीने होणाऱ्या नुकसानीपेक्षा महाग नाही. तरी प्रत्येक वेळी उत्तर तेच, "दिवाळीनंतर बघू." कुठल्या दिवाळीनंतर?

या महिन्यात वायर आणि यूपीएस आलं तर मी रविवारी येऊन फाइल वेगळी करून देते, जादा पैसे नकोत. नाही आलं, तर सातनंतर फाइल बसली की मला हाक मारू नका. छापील बिल्टीबुकं माळ्यावर आहेत, काढा आणि हाताने लिहा.