हरित प्रवासाचा सेक्रेटरी

पणजीजवळच्या कदंब पठारावर फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डरच्या माहितीपत्रकात सायकलवर बसलेल्या एका बाईचा फोटो होता. केस वाऱ्यावर, पुढच्या टोपलीत फुलं, खाली 'पर्यावरणस्नेही प्रवास, थेट तुमच्या दारातून'. दारात प्रत्यक्ष मिळालं ते दोन मजली पार्किंग आणि कोपऱ्यात सायकलींसाठी एक लोखंडी स्टँड. त्यावर बी विंगवाले पायपुसणी वाळत घालतात.

मग सोसायटीने हरित प्रवास समिती काढली. पहिल्या सभेला सी विंगचे काका क्लबहाउसपर्यंत गाडीने आले. (मध्ये फक्त बाग आहे. तीही लहान.) पणजीला जाणाऱ्यांनी एकाच गाडीतून जावं, हा ठराव एकमताने पास झाला; ती गाडी कुणाची, यावर पाऊण तास गेला. शेवटी कुणीतरी म्हणालं, "भाऊंकडे सायकल आहे ना?" आणि मी सेक्रेटरी झालो. सायकल मुलाची, मुलगा पुण्यात.

आधी बस करून बघितली. थांब्यापर्यंत फूटपाथ नाही, त्यामुळे हायवेच्या कडेने जीव मुठीत धरून चालायचं. बसमध्ये कंडक्टर "फाटीं वच, फाटीं वच" ओरडतो. मागे जागा असते, हा गोव्यातला फार जुना समज आहे. रात्री उशीर झाला की थांब्यावर आपण आणि कुत्री.

सोमवारी सायकल काढली. पठारावरून रायबंदरला उतार, पेडल मारायची गरजच नाही. मग 1633-34 साली पोर्तुगीजांनी बांधलेला लिन्हारेसचा पूल, सपाट, सरळ. उजवीकडे मांडवी, डावीकडे मिठागरं. ऑफिसात पोचलो तो माहितीपत्रकातल्या बाईसारखा. केस सोडून.

पठार म्हणजे काय, हे संध्याकाळी कळलं. सकाळचा सगळा उतार कुणीतरी उलटा करून ठेवला होता. रायबंदरच्या चढावर पाव वाटेतच मांड्यांनी राजीनामा दिला. पिवळ्या मडगार्डचा एक पायलट, म्हणजे मोटारसायकल टॅक्सीवाला, दिसला, हात केला. त्याने आधी मला न्याहाळलं, मग सायकलला. "पात्रांव, तुका व्हरतां. पूण सायकल खंय बसतली?"

तेवढ्यात मागून पों पों. आमचा पोदेर, म्हणजे पाववाला. कॅरियरवर ही भली मोठी टोपली, वर निळं प्लास्टिक, आणि गडी शांतपणे सायकल ढकलत चढत होता. मी मात्र सीटवर बसून, तोंड उघडं टाकून, इंचाइंचाने झुंजत होतो. "देंवून धुकल मरे!" तो म्हणाला. म्हणजे सायकल चढावर ढकलायची असते तर. हे माहितीपत्रकात नव्हतं. पुढचा सगळा चढ आम्ही बरोबर ढकलला. वाटेत त्याने मला एक गरम पोळी (गोव्यातली, म्हणजे पावच) काढून दिली, पैसे उद्या.

पुढच्या सभेत अहवाल वाचला : सोसायटीत सायकलने येणारे, 2.

"दुसरा कोण?" काकांनी विचारलं.

"पोदेर."

काका विचारात पडले. "स्टँडवर लावत नाही ना तो? बाहेरच्यांना परवानगी नाही हं."

ठराव पास झाला.