ती मोटार जमिनीने गिळली नव्हती

घाटकोपरच्या एका सोसायटीत उभी असलेली मोटार बॉनेटच्या बाजूने पाण्यात जाते आणि बघता बघता दिसेनाशी होते. जून २०२१ चा हा व्हिडिओ पावसाळा आला की पुन्हा फिरू लागतो, आणि त्याखालचा मजकूर वाढतच जातो. सध्याचा असा: पृथ्वीच्या पोटात हालचाल वाढली आहे, हे 'सिंकहोल', म्हणजे जमीन खचून पडणारे खड्डे, मोठ्या भूकंपाची नांदी आहेत, ते कसलीही चाहूल न देता पडतात, आणि विमा कंपनी यात एक पैसाही देत नाही. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हे आलं आणि तळमजल्यावरच्या आजींना रात्रभर झोप लागली नाही. म्हणून लिहितो आहे.

आधी मोटारीचं. तिथे विहीर होती. तिच्या अर्ध्या भागावर आरसीसी टाकून वर गाड्या लावल्या जात, हे मुंबई महापालिकेने तेव्हाच सांगितलं होतं. पुण्यात सप्टेंबर २०२४ मध्ये सिटी पोस्टाच्या आवारात ड्रेनेज साफ करायला आलेला ट्रक पेव्हर ब्लॉकसकट खाली गेला. तिथेही जुनी विहीर असल्याचं समोर आलं. पेठांमध्ये वाड्यावाड्यात आड होते. वाडे पाडले, इमारती आल्या, आड मात्र सगळेच नीट भरले गेले नाहीत.

भूकंपाचा यात संबंध नाही. भूकंप होतो तो किलोमीटर-किलोमीटर खोल खडकात, आणि ही भगदाडं वरच्या काही मीटरची असतात. खरं सिंकहोल चुनखडीच्या प्रदेशात होतं: पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं, हजारो वर्षं खडक विरघळवतं, आणि एक दिवस पोकळीचं छत बसतं. आपल्याकडे वणी-राजुऱ्याकडे चुनखडी आहे, पण बराचसा महाराष्ट्र काळ्या बसाल्टवर आहे आणि तो असा विरघळत नाही. इथली पोकळी बहुतेक वेळा माणसाने केलेली असते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसमध्ये ऑगस्ट २०२२ मध्ये एक अख्खं घर जमिनीत गेलं, कारण खाली कोळशाची जुनी भूमिगत खाण होती.

'चाहूल न देता' हे सगळ्यात घातक, कारण मग माणूस बघायचंच सोडून देतो. आमच्याच गेटजवळचे पेव्हर ब्लॉक तीन पावसाळे बसत होते. दर वेळी मुरूम टाकला, वर पुन्हा ब्लॉक. तिसऱ्या वर्षी प्लंबरने पहार आपटली तर ढब्ब असा पोकळ आवाज आला. खोदल्यावर ड्रेनेजच्या पाइपाचा सांधा निखळलेला दिसला. त्यातून माती पाइपात जात होती आणि पुढच्या चेंबरमध्ये मुरमाचा लाल गाळ साठला होता. आम्ही टाकलेलाच मुरूम! ब्लॉक आणि सांध्याच्या मधे हात कोपरापर्यंत जाईल एवढी जागा रिकामी होती.

मात्र डांबर किंवा काँक्रीट पुलासारखं पोकळी पेलून धरतं, त्यामुळे रस्त्यावर खूण उशिरा दिसते, हे खरं. जपानमध्ये याशिओ शहरात जानेवारी २०२५ मध्ये असाच ट्रक खाली गेला आणि चालक वाचला नाही. सांडपाण्यातल्या हायड्रोजन सल्फाइडपासून तयार होणाऱ्या आम्लाने १९८३ मध्ये टाकलेली नळी खाल्ली होती. तिथेही दोष नळीचाच.

विम्याबद्दल मजकूर अर्धा खोटा आहे. एप्रिल २०२१ पासूनच्या 'भारत गृह रक्षा' पॉलिसीत घराखालची जमीन खचणं धरलेलं आहे. पण भराव टाकलेली जमीन बसली, बांधकाम सदोष असलं किंवा शेजारच्या खोदकामाने नुकसान झालं, तर भरपाई नाही. आणि राडारोडा टाकून बुजवलेली विहीर म्हणजे भरावच. त्यामुळे घर घेताना तिथे विहीर होती का, ती कशाने भरली, हे आधी विचारा.

आमच्या जागेच्या जुन्या सातबाऱ्यावर विहिरीची नोंद आहे, बिल्डरच्या नकाशात ती कुठेच नाही. मूळ मालकांचे थोरले भाऊ अजून गावात आहेत. रविवारी त्यांना गाडीत बसवून आणणार आहोत, जागा दाखवायला.