सीनियरपणाची थकबाकी

आम्ही इंजिनिअरिंगला लागलो ते वर्ष 1998, आणि वर्ष मुद्दाम सांगतोय कारण सगळा घोळ तिथेच आहे. कॉलेज इंग्रजांच्या काळातलं. दगडी भिंती, हात पोचणार नाही इतक्या उंचावर पंखे, आणि मधोमध एक रुंद लाकडी जिना जो फर्स्ट इयरच्या पोरांनी वापरायचा नाही. हा नियम कुणी केला माहीत नाही, कुठे लिहिलेलाही नव्हता, पण आम्ही अख्खं वर्ष मागच्या लोखंडी जिन्याने ड्रॉइंगच्या शीटचा कंटेनर आणि ड्राफ्टर सावरत वर चढलो. सीनियर दिसला की थांबायचं, नजर आपल्याच शर्टाच्या तिसऱ्या बटणावर, आणि गुड मॉर्निंग सर म्हणायचं. संध्याकाळी सातलापण गुड मॉर्निंगच. याला विश करणं म्हणायचे. मग इंट्रो: नाव, गाव, बारावीचे मार्क, मार्क कमी असतील तर ते का कमी आहेत. आमच्यातल्या एकाने झेरॉक्सवाल्याला सीनियर समजून महिनाभर विश केलं आणि तो पण गंभीरपणे मान डोलवून स्वीकारायचा, बहुतेक त्याला त्याच्या आयुष्यात एवढा मान कुणी दिला नसावा.

हे सगळं का सहन केलं, तर पुढच्या वर्षी आपली पाळी येणार म्हणून. आणि 1999 ला महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा आला.

नोटीस बोर्डावर कागद लागला: 2 वर्षांपर्यंत कैद, वर दंड, आणि दोषी ठरलात तर 5 वर्षं कुठल्याच कॉलेजात ॲडमिशन नाही. आम्ही तरी पहिल्या दिवशी इस्त्रीचे शर्ट घालून लाकडी जिन्याच्या तोंडाशी उभे राहिलो. म्हणजे रॅगिंग करायला नाही हो, नुसते दिसावे म्हणून. एक फर्स्ट इयरचा पोरगा शिट्टी वाजवत त्याच जिन्याने वर आला आणि आम्हाला म्हणाला, "टॉयलेट कुठंय रे?"

कायदा चुकला असं मी अजिबात म्हणत नाही. इंट्रोच्या नावाखाली हॉस्टेलांमध्ये जे चालायचं त्यापायी पोरं शिक्षण सोडून गेलीत, काहींनी जीव दिलेत. पुढे 2009 ला यूजीसीने नियम केले, पोराकडून आणि आईबापाकडूनही प्रतिज्ञापत्रं घ्यायला लागले, बरंच झालं. माझं म्हणणं एवढंच आहे की मधल्या बॅचचा विचार कुणी केला नाही. वर्षभर गुड मॉर्निंग भरले आम्ही, परत मिळालं एकही नाही.

बरं सीनियर नुसते घेत नव्हते, देतपण होते. जर्नल, म्हणजे प्रॅक्टिकलची वही, खाली यायची. ज्याचा रोल नंबर तुमचा, त्याची जर्नल तुमची, आणि त्याला ती त्याच्या सीनियरकडून आलेली. त्यातली रीडिंग्ज आपण लिहायची. प्रॅक्टिकलला मशीन चालू असलं तरी जर्नलमधलीच लिहायची कारण मशीनवर काय येईल याचा भरवसा नसायचा. आमच्या एका जर्नलमध्ये कुणीतरी दशांश चिन्ह एक घर सरकवलेलं, त्यामुळे पंपाची एफिशियन्सी शंभराच्या वर जायची, म्हणजे वीज घालायची थोडी आणि काम मिळायचं जास्त. असा पंप जगात नाही. पण सरही आमच्याच कॉलेजचे, त्यांनी विद्यार्थी असताना तेच लिहिलेलं असणार, त्यामुळे ते दरवर्षी चेक्ड लिहून सही मारायचे.

आणि जीटी. आजकालच्या पोरांना जीटी म्हणजे काय हेच माहीत नाही. दोन बाजूला पुस्तकांच्या थप्प्या, वर काच, खाली ट्यूबलाईट, काचेवर ओरिजिनल शीट आणि त्यावर कोरी शीट ठेवून उतरवायची, ग्लास ट्रेसिंग. सबमिशनच्या आदल्या रात्री अख्खं हॉस्टेल खालून उजेड येत असलेले चेहरे घेऊन बसलेलं असायचं. आता ही सरळसरळ चोरी, पण चोरीला जेवढे शिष्टाचार होते तेवढे मी नंतर कुठल्या कॉर्पोरेट ऑफिसात पाहिले नाहीत. मालकाची शीट आधी सबमिट होणार, मग तुमची. ओरिजिनलवर पेन्सिलचा डाग पडता कामा नये. टायटल ब्लॉकमधलं नाव उतरवायचं नाही (हे सांगावं लागायचं, रात्री तीनला माणूस काय वाटेल ते उतरवतो). आणि काच ज्याची, त्याला रांगेत पहिला नंबर, मग त्याचा ग्रुप कुठलाही असो, भांडण असलं तरीही.

कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवरचं ड्रॉइंग, आलं आणि काच गेली. फाईल कॉपी करायला कुणाची ओळख लागत नाही, लिंक लागते.

मला खरा राग आहे तो फिशपाँड गेल्याचा. गॅदरिंगच्या आधी आठवडाभर बॉक्स ठेवायचा, त्यात चिठ्ठ्या पडायच्या, कमिटी बसून त्या चाळायची आणि रात्री स्टेजवरून नाव घेऊन शेलकी ओळ वाचायची. लिहिणारा गुप्त, पण चाळणारे सगळ्यांना माहीत, उद्या कॅन्टीनला त्यांना तोंड दाखवायचंय, त्यामुळे कुणाच्या घरच्यावर, जातीवर, रंगावर असलेल्या चिठ्ठ्या गपचूप कचऱ्यात जायच्या. निदान शहाण्या कमिटीत जायच्या, सगळ्या कमिट्या शहाण्या नव्हत्या. ज्याला फिशपाँड पडला त्याने स्टेजवर यायचं, हसायचं, आणि भेट म्हणून दिलेला गाजर नाहीतर पावडरचा डबा घेऊन खाली उतरायचं. सरांनाही पडायचे. आता कन्फेशन पेज असतं. लिहिणारा गुप्त, छापणारा गुप्त, वाचणारे कोण ते माहीत नाही, ज्याच्यावर लिहिलंय तो एकटा खोलीत मोबाईल घेऊन बसलेला, आणि त्याला गाजरपण मिळत नाही.

असो. तर यंदा मला त्याच कॉलेजमधून फायनल इयरच्या प्रोजेक्टला एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचा परीक्षक, म्हणून बोलावलं. मी म्हटलं आता सव्याज वसूल होणार. आमच्या वेळी एक्स्टर्नल म्हणजे थेट यमाचा प्रतिनिधी, त्याला आणायला गेटवर दोघं उभे, आणि व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, अख्ख्या बॅचमध्ये मिळून टाय एकच, तो बांधलेल्या गाठीसकट दारातून बाहेर येणाऱ्याच्या गळ्यातून आत जाणाऱ्याच्या गळ्यात जायचा.

गेटवर कुणी नव्हतं. वॉचमनने रजिस्टरमध्ये सही घेतली आणि भेटीचं कारण विचारलं. लाकडी जिना दुरुस्तीसाठी बंद, म्हणजे परत लोखंडी जिना. वर ग्रुप बसलेला, एकाच्या पायात स्लीपर, एकीच्या कानात इयरफोन. मी आत गेलो तर एकजण अर्धवट उठल्यासारखं करून म्हणाला, "या काका, प्रोजेक्टरचं काहीतरी चाललंय, दोन मिनिटं."

काका!

मी चिडून पहिलाच प्रश्न अवघड टाकला. तो पोरगा शांतपणे म्हणाला, "हे मला नाही येत, हिने केलंय, हिला विचारा." आमच्या काळात हा केवढा उद्धटपणा झाला असता! आपल्याला येत नाही हे एक्स्टर्नलच्या तोंडावर सांगायचं? न येणाऱ्या उत्तरावर पाच मिनिटं छातीठोक बोलायचं ही त्या खुर्चीला मानवंदना होती. पण त्या पोरीने खरंच सांगितलं, नीट, आणि मी पुढे विचारलं तर कोडचा कुठला भाग एआयकडून घेतला आणि त्यातलं काय चुकीचं निघालं तेही सांगितलं. मला पुढचा प्रश्न सुचेना. त्या पोरांना माझी भीती वाटत नव्हती, आणि भीती नसेल तर एक्स्टर्नलने नक्की करायचं काय हे आम्हाला कुणी शिकवलेलंच नाही.

मग वेळ काढायला रिपोर्ट उघडला. सुंदर बाइंडिंग, सोनेरी अक्षरं. आभाराच्या पानावर मार्गदर्शनाबद्दल ज्या सरांचे मनःपूर्वक आभार मानलेले ते सर रिटायर होऊन बरीच वर्षं झालीत, त्यांच्या निरोप समारंभाला मी स्वतः हजर होतो. मी विचारलं हे सर कुठे भेटले तुम्हाला? पोरं एकमेकांकडे बघायला लागली. स्लीपरवाला म्हणाला, "काका, ते सीनियरच्या रिपोर्टमधून आलंय. त्यांना पण त्यांच्या सीनियरकडून आलेलं."

मी खिशातून पेन काढलं, आभाराच्याच पानावर चेक्ड लिहिलं आणि सही मारली.