जर्मन फिल्क इंटरनेटवर उगवलेलं नाही

फिल्क म्हणजे विज्ञानकथांच्या चाहत्यांनी रचलेली, एकमेकांना ऐकवलेली गाणी. जर्मनीतल्या फिल्कबद्दल एक ठोकळेबाज मत फार फिरतं: इंटरनेट आलं, तिकडच्या पोरांनी अमेरिकन गाणी ऐकून नक्कल सुरू केली, त्यातही निम्मी विडंबनं, आणि मंडळी अजून मूठभरच.

आधी इंटरनेटचं बघू. सायन्स फिक्शन क्लब डॉइचलँड हा जर्मन चाहत्यांचा क्लब १९५५ सालचा. पेरी ऱ्होडान ही विज्ञानकथा-पुस्तिकांची साप्ताहिक मालिका १९६१पासून निघते आहे. १९७०चं जागतिक विज्ञानकथा संमेलन हायडेलबर्गला भरलं. इंग्रजी ही घरची भाषा नसलेल्या देशातलं ते पहिलंच. थोडक्यात, चाहत्यांचा गोतावळा टपालाच्या जमान्यातला. फिल्कची गाणी पसरली ती कॅसेटींतून, गाण्यांच्या पुस्तिकांतून आणि मुख्य म्हणजे माणसांबरोबर. इंटरफिल्क नावाची अमेरिकी संस्था लिलाव करून पैसे उभे करते आणि त्यातून फिल्कवाल्यांना दूरदेशीच्या संमेलनांना धाडते. तिकीट काढून गाणारा पाठवावा लागतो, यातच काय ते आलं. इंटरनेटने ओळखी टिकवायला मदत केली, हे मात्र कबूल.

नक्कल? फिल्क अमेरिकेतूनच आलं, त्यात वाद नाही. जर्मन मंडळी इंग्रजीतही भरपूर गातात, कारण शेजारी इंग्लंडचे पाहुणे बसलेले असतात. पण गिटार घेऊन गडावर जमायचं हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वांडरफोगेल या भटक्या युवा चळवळीतली तरुण मुलं गात-गात रानोमाळ हिंडायची. १९६४ ते १९६९ या काळात बुर्ग वाल्डेकच्या पडक्या किल्ल्याशी गीतकार-गायकांचे महोत्सव झाले. फिल्ककाँटिनेंटल हे जर्मन संमेलन भरत आलंय तो फ्रॉयसबुर्गही जीग नदीकाठचा किल्लाच, आता युवा वसतिगृह. थेट वंशावळ मांडायचा माझा हट्ट नाही. जमीन तयार होती, एवढंच.

विडंबनं असतातच, आणि चांगलं विडंबन जमवायला घाम गाळावा लागतो. स्वतःच्या चालींची गाणीही तितक्याच हौसेने होतात.

राहिला ‘मूठभर’चा टोमणा. हा मला सगळ्यात चुकीचा वाटतो. फिल्कचा जीव रात्रीच्या गोलात, म्हणजे गोल करून बसून गाण्यात असतो. रीत सोपी: पाळी आली की स्वतः गा, दुसऱ्याला फर्माईश करा, नाहीतर पुढे सरकवा. गावच्या भजनासारखंच, श्रोता आणि गायक अशी फारकत नाही. आता या गोलात शंभर जण बसवा. एकेका गाण्याला चार मिनिटं धरली तरी एक फेरी संपायला जवळपास पावणेसात तास लागतील. दुसरी पाळी यायच्या आत नाश्त्याची वेळ होईल. कलाकारांच्या सह्या घ्यायच्या असतील तर हजारोंची स्टार ट्रेक संमेलनं जर्मनीत होतातच की. इथे ज्याला गायचंय त्याची पाळी रात्र सरायच्या आत यायला हवी, आणि त्यासाठी खोली लहानच लागते.