"पूर्ण बरा झालास की मगच ये" हे सांगणं आता थांबवा

काम करताना जायबंदी झालेली किंवा मोठ्या आजारातून उठलेली माणसं माझ्याकडे व्यायामासाठी येतात. मी फिजिओथेरपिस्ट आहे. कामावर कधी जाणार, असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं. "साहेब म्हणाले, घाई करू नकोस. पूर्ण बरा झालास की मगच ये." सांगणाऱ्या साहेबांचा हेतू वाईट नसतो. ऐकणाऱ्यालाही त्या क्षणी बरंच वाटतं. पण माणूस कामापासून कायमचा तुटतो तेव्हा त्याची सुरुवात बऱ्याचदा इथेच झालेली असते.

पूर्ण बरा म्हणजे नेमका किती? खांद्याचं ऑपरेशन झालेल्या पंचेचाळीस वर्षांच्या माणसाचा हात डोक्यावर पूर्वीसारखा जाईलच असं नाही. कॅन्सरचे उपचार संपले तरी थकवा कित्येक महिने पाठ सोडत नाही. कंबरदुखी तर येऊन-जाऊन असतेच. आणि खरं सांगू का, अपघाताच्या आदल्या दिवशी तरी कोण शंभर टक्के होतं? गुडघे कुरकुरत होते, झोप अपुरी होती, तरी काम चालू होतंच की. मग परतताना मात्र शंभर टक्क्यांची अट कुठून आली?

शरीराच्या बाजूनंही ही अट टिकत नाही. १९९५ साली हेलसिंकी शहराच्या नोकरीत असलेल्या १८६ जणांवर एक अभ्यास झाला. सगळ्यांची कंबर नुकतीच धरलेली. एका गटाला दोन दिवस अंथरुणात विश्रांती, दुसऱ्याला पाठीचे व्यायाम, आणि तिसऱ्याला सांगितलं की झेपेल तेवढे नेहमीचे व्यवहार चालू ठेवा. सगळ्यांत चांगला सुधारला तो तिसरा गट. विश्रांतीवाले सगळ्यांत मागे राहिले. तेव्हापासून साध्या कंबरदुखीला पडून राहा असं सांगणं वैद्यकशास्त्रानं सोडलंय. घरच्यांनी अजून सोडलेलं नाही, आणि काही डॉक्टरांनीही नाही.

अर्थात हे सगळ्यांना सरसकट लागू नाही. ताजं फ्रॅक्चर, ताजं ऑपरेशन, जंतुसंसर्ग, पायात उतरणारा बधिरपणा, इथे डॉक्टर थांबा म्हणाले तर थांबायचंच. मी बोलतेय ते त्यानंतरच्या काळाबद्दल. जखम भरलेली असते, टाके निघालेले असतात आणि तरी माणूस घरातच असतो. "अजून थोडं बरं वाटू दे" म्हणत आठवडे जातात.

या आठवड्यांत काय होतं ते बाहेरून दिसत नाही. स्नायू उतरतात, दम कमी होतो, हे तर आहेच. पण त्याहून मोठं नुकसान मनात चालू असतं. प्रेसखाली बोट चिरडलेल्या माणसाचं बोट भरून येतं, पण मशीनचा आवाज नुसता आठवला तरी हात मागे येतो. जितके दिवस तो मशीनपासून लांब, तितकी ती भीती घट्ट. घरात त्याची जागा बदलते. कमावणारा होता, तो आता "यांना जरा जपा" झाला. कामावर त्याच्या जागी दुसरं कोणी उभं राहिलेलं असतं. सुरुवातीला रोज येणारे फोन आठवड्याला एक होतात, मग थांबतात. अशा वेळी मालकाकडून आलेला एक साधा फोन, "कसं चाललंय, तुझी जागा आहे", माझ्या चार व्यायामांपेक्षा जास्त काम करतो. पण तोच फोन "कधी येतोयस?" असा आला की दुखणं वाढतं. गंमत नाही, खरंच वाढतं. ताण आणि वेदना यांचं नातं जवळचं आहे.

आता मुद्दा असा की आपण सगळा जोर माणसाला दुरुस्त करण्यावर लावतो. काम जसं आहे तसंच राहतं. कॅनडाच्या क्यूबेक प्रांतात शेरब्रुक इथे एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष १९९७ साली आले. कंबरदुखीमुळे चार आठवड्यांहून अधिक रजेवर असलेले कामगार त्यात होते. काहींना नेहमीचे उपचार मिळाले. काहींच्या बाबतीत उपचारांच्या जोडीला तज्ज्ञ थेट कामाच्या जागी गेले, कामगार आणि सुपरवायझर दोघांना घेऊन काम पाहिलं आणि त्यात बदल सुचवले. ज्यांना दोन्ही मिळालं ते नेहमीच्या उपचारवाल्यांपेक्षा दुपटीहून जास्त वेगानं आपल्या कामावर परतले. त्यातला मोठा वाटा कामाच्या जागेवरच्या बदलांचा होता, दवाखान्यातल्या उपचारांचा नव्हे. माझ्या धंद्याला हे फारसं मानवणारं नाही, पण आहे ते असं आहे.

बदल म्हणजे काही अवाढव्य खर्च नसतो. खोकं जमिनीवरून उचलायचं ते कमरेच्या उंचीवर ठेवणं. सलग उभं राहण्याऐवजी मधे बसायला स्टूल. आठ तासांऐवजी आधी चार तास. रात्रपाळी काही काळ बंद. तोलायचं वजन अर्धं करून फेऱ्या दुप्पट. हे सुचायला तज्ज्ञ लागतोच असंही नाही. ज्यानं ते काम वर्षानुवर्षं केलंय त्यालाच विचारा, "यातलं नेमकं काय जमत नाही?" उत्तर बहुतेक वेळा एक-दोन हालचालींपुरतंच असतं. त्या दोन हालचालींपायी अख्खा माणूस घरी बसलेला असतो.

इथे "लाइट ड्यूटी" नावाच्या प्रकाराबद्दल बोलायलाच हवं. बऱ्याच ठिकाणी त्याचा अर्थ असा की वेल्डरला नेऊन गेटवर बसवायचं, रजिस्टरवर रेघा मारायला लावायच्या. कामाला अर्थ नाही, वेळेला शेवट नाही. येणारा-जाणारा विचारतो, "काय मजा आहे बुवा तुझी!" आठवड्याभरात त्याला घरच बरं वाटायला लागतं. हलकं काम द्यायचं तर ते खरं काम असलं पाहिजे, शक्यतो त्याच्याच विभागातलं, त्याच्याच हुनराच्या जवळचं. वेल्डर असेल तर तपासणी, नव्या मुलांना शिकवणं, जिग, म्हणजे जोडायचे तुकडे जागेवर धरून ठेवणारा साचा, लावून देणं. आणि तारीख हवी. या आठवड्यात एवढं, पुढच्यात एवढं, इतक्या आठवड्यांनी पुन्हा बघू.

आणि याहून वाईट प्रकार दुसऱ्या टोकाला आहे. कारखान्यांच्या दारात बोर्ड असतात, "अपघाताविना इतके दिवस". अपघातानंतर माणूस पुढच्या पाळीला हजर नसेल तर तो आकडा शून्यावर येतो. मग काय करायचं? हाताला प्लास्टर असलेल्या माणसाला सकाळी गाडी पाठवून आणायचं आणि ऑफिसात खुर्चीवर बसवून ठेवायचं. हजेरी लागली, बोर्ड वाचला! लवकर कामावर आणण्याच्या विचाराचा हा सरळ विपर्यास आहे. अशी उदाहरणं बघून कामगार संघटनांना "लवकर परत" या शब्दांचाच संशय येतो, आणि मला त्यांचा राग येत नाही. लवकर परतण्याचा फायदा कोणाला, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊच नये. माणसाला विचारून, डॉक्टरशी बोलून, काम बदलून आणलं तर ते पुनर्वसन. बोर्डासाठी आणलं तर ती लपवाछपवी.

डॉक्टरांनाही यात सूट नाही. आपली सर्टिफिकेटं दोनच गोष्टी बोलतात, "विश्रांती घ्यावी" किंवा "कामास योग्य". मधलं काहीच नाही. ब्रिटननं २०१० साली जुनी आजारपणाची चिठ्ठी बदलली आणि तिच्यात तिसरा पर्याय घातला: काही बदल केले तर काम करू शकेल. पुढे खुणा करायला चार चौकटी, म्हणजे टप्प्याटप्प्यानं परत, वेळ बदलून, काम बदलून, जागेत सोय करून. कागद तेवढाच, पण मालकाशी बोलायला विषय मिळतो. सगळे डॉक्टर तो पर्याय वापरतात असं नाही. कारण रुग्ण नेमकं काय काम करतो हे विचारायला वेळ लागतो. तरी विचारायला हवं. "नोकरी" हे उत्तर पुरेसं नाही. उभं राहून की बसून, किती वजन, किती वेळा, शिडीवर चढायचं का, गाडी चालवायची का, एवढं तरी.

जर्मनीत २००४ पासून नियम आहे. वर्षभरात मिळून सहा आठवड्यांहून जास्त आजारपण झालं, सलग असो वा तुकड्या-तुकड्यांत, की मालकानं स्वतःहून कामगाराला चर्चेचं आमंत्रण द्यायचं. यायचं की नाही हे कामगारानं ठरवायचं. तिथे दिवसाला थोडे तास काम करत हळूहळू वाढवायची जुनी पद्धतही आहे, आणि त्या काळात माणूस कागदोपत्री आजारीच धरला जातो, आजारपणाचा भत्ता चालू राहतो. ही तरतूद मला फार शहाणपणाची वाटते. प्रयत्न फसला तर काहीच गमावलं नाही, हे माहीत असेल तरच माणूस प्रयत्न करतो. नाहीतर एकदा "फिट" लिहिलं की दोर कापले.

नेदरलँड्सनं मालकालाच बांधून घातलंय. आजारी कामगाराला दोन वर्षं किमान ७० टक्के पगार मालकानं द्यायचा, आणि त्याला कामावर आणायला पुरेसे प्रयत्न केले नाहीत असं दिसलं तर आणखी एक वर्षापर्यंत द्यायचा. यानं मालक आपोआप जागे होतात. पण माझी एक शंका आहे. आजारी माणूस इतका महाग पडणार असेल, तर ज्याला आधीच मधुमेह किंवा जुनं दुखणं आहे त्याला नोकरीवर घेताना मालक मनात काय हिशेब करेल? सगळा भार एकट्या मालकावर टाकण्यापेक्षा विम्यातून वाटून घेणं मला जास्त पटतं, विशेषतः दहा-वीस माणसांच्या छोट्या धंद्यात.

मानसिक आजारातून परतणाऱ्यांचं वेगळं सांगावं लागेल, कारण तिथे प्लास्टर दिसत नाही. नैराश्यातून उठलेल्या बाईला सहकारी दोन प्रकारे वागवतात. एकतर काचेच्या भांड्यासारखं, नाहीतर "बरी तर दिसतेयस". काय झालं होतं हे कोणाला सांगायचं, किती सांगायचं, हे तिनंच ठरवायचं. सुपरवायझरला निदान कळायची गरजच नाही. सकाळी उशिरा यायला लागेल, एका वेळी एकच काम द्यावं लागेल, एवढं कळलं तरी पुरे.

सहकाऱ्यांबद्दल कोणी बोलत नाही. एकाचं काम अर्धं केलं की उरलेलं अर्धं कोणाच्या तरी अंगावर पडतं. ते आधी बोलून, वाटून, जमल्यास ओव्हरटाइम देऊन केलं नाही, तर राग त्या परतलेल्या माणसावर निघतो. "याचं नाटक कधी संपणार?" हे वाक्य कानावर आल्यावर पुन्हा रजेवर गेलेली माणसं मी पाहिली आहेत. दुखणं त्यांचं तेवढंच होतं.

आणि हे सगळं ज्याला मालक आहे त्याच्यासाठी. रोजंदारीवर जाणारा, ठेकेदाराचा माणूस, स्वतःची गाडी चालवणारा, यांच्याकडे बैठक बोलावणार कोण? त्यांना "पूर्ण बरा झालास की ये" असं सांगायलाही कोणी नसतं. ते तिसऱ्या दिवशी, सूज असतानाच कामावर असतात, कारण घरी बसलं तर चूल बंद. माझ्याकडे ते येतात तेव्हा साधा मुरगळलेला घोटा जुनाट दुखणं होऊन बसलेला असतो. त्यांना आधी हवी ती पगारी विश्रांती, मोजकी का होईना. त्यांच्यापुरतं मी वर लिहिलेलं बरंचसं उलटं वाचावं लागेल.