‘पॉलिशच्या भानगडीत पडू नका, ऑइल पेंट मारा’ या सल्ल्याला उत्तर

आखाजी (अक्षय्य तृतीया) किंवा दिवाळी जवळ आली की जळगाव-धुळ्यापासून नंदुरबारपर्यंत एक सल्ला मोबाइलवरून फिरू लागतो. तो थोडक्यात असा: जुनं कपाट, देव्हारा, बंगई (झोपाळा) यांना पॉलिश करत बसू नका. आपल्याकडच्या उन्हात पॉलिश टिकत नाही, महाग पडतं, कारागीर लागतो. वरवर पॉलिश पेपर घासा आणि ऑइल पेंटचे दोन हात मारा. वाळवी लागणार नाही, काळं पडलेलं लाकूड झाकलं जाईल, आणि पुढे नको वाटला तर रंग काढता येतोच.

यातलं उन्हाबद्दलचं वाक्य अर्धं खरं आहे. बाकीची वाक्यं ऐकून दर हंगामात चांगलं सागवान कायमचं खराब होतं. सातपुड्याचा साग हाताशी असल्यामुळे यावल, चोपडा, शिरपूर, तळोदा या पट्ट्यातल्या जुन्या घरांत सागाचं काम भरपूर आहे. त्यावर ब्रश टेकवण्याआधी हे वाचा.

‘पेंट मारला की वाळवी लागत नाही’

वाळवी दर्शनी बाजूने येत नाही. ती जमिनीतून किंवा मातीच्या भिंतीतून मातीची नळी बांधत येते आणि कपाटाच्या पायाच्या तळातून नाहीतर भिंतीला टेकलेल्या पाठीतून आत शिरते. रंगवताना नेमक्या याच दोन जागा सुटतात. शिवाय वाळवी आतून खाते आणि वरचा रंगाचा पापुद्रा तसाच ठेवते. उघड्या लाकडावर मातीची रेघ लगेच दिसते, रंगवलेल्या कपाटात मात्र बोट आत गेल्यावरच कळतं.

सागाच्या गाभ्यातल्या नैसर्गिक द्रव्यांमुळे वाळवी त्याला सहसा तोंड लावत नाही. ती खाते सालीलगतचं फिकट, पांढुरकं लाकूड, आणि पाठीमागे वापरलेल्या हलक्या लाकडाच्या फळ्या. तेव्हा उपायही तिथेच हवा. कपाट भिंतीपासून तीन इंच पुढे ओढा, विशेषतः धाब्याच्या घरात. पायांखाली दगडाचे किंवा पितळेचे ठोकळे ठेवा. पायांचे तळ आणि पाठ कोरडी करून त्यावर बोरॅक्स-बोरिकचं पाणी चढवा: एक लिटर गरम पाण्यात ३० ग्रॅम बोरॅक्स आणि २० ग्रॅम बोरिक पावडर. दोन दिवसांच्या अंतराने दोन हात द्या. हे पाणी कोऱ्या लाकडातच मुरतं, रंगावरून किंवा पॉलिशवरून घातलं तर वाया जातं. बारीक भोकांतून पिठासारखा भुसा पडत असेल तर तो लाकूड पोखरणारा भुंगेरा. तिथे हेच पाणी सिरिंजने भोकाभोकात सोडायचं आणि नंतर भोकं मेणाने बुजवायची, म्हणजे पुढे नवं भोक पडलं तर लगेच ओळखू येतं. रॉकेल चोळण्याचा उपयोग नाही, ते उडून जातं.

‘खान्देशच्या उन्हात पॉलिश टिकत नाही’

अर्धं खरं ते हेच. ओट्यावर किंवा गच्चीत थेट ऊन-पाऊस झेलणाऱ्या लाकडावर लाखेचं पॉलिश टिकत नाही, त्याचा हट्टही धरू नये. पण खोलीतल्या कपाटाला ऊन लागतं कुठे? त्याला त्रास होतो तो हवेतल्या कोरडेपणाचा आणि ओलाव्याचा. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि हवा ठणठणीत कोरडी होते. जुलैत तीच हवा दमट. सागाची फूटभर रुंद फळी या दोन ऋतूंत रुंदीला दोनेक मिलिमीटर कमी-जास्त होते, लांबीला जवळपास नाही. जुन्या सुतारांना हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून दाराच्या चौकटीत पॅनेल खोबणीत मोकळं बसवलेलं असतं, सरसाने चिकटवलेलं नसतं.

ऑइल पेंटचे दोन-तीन जाड हात त्या खोबणीत भरले की पॅनेल चौकटीला चिकटतं. मग उन्हाळ्यात ते आक्रसायला जातं, जागा मिळत नाही आणि मधोमध उभं तडकतं. साठ-सत्तर वर्षं शाबूत असलेलं दार रंगवल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात फाटतं ते यामुळे, आणि दोष मात्र लाकडाला दिला जातो. पॉलिशचा थर इतका पातळ असतो की खोबण मोकळी राहते.

दुसरी गोष्ट, सागातल्या तेलकट द्रव्यांमुळे ऑइल पेंट आणि तेलाचं वॉर्निश सावकाश सुकतं, कधी महिनाभर चिकट राहतं. लाखेचं पॉलिश स्पिरिट उडून सुकतं, त्यामुळे त्याला ही अडचण येत नाही.

आणि कूलर. आपल्याकडे पॉलिश पांढरं पडतं त्याला बहुतेकदा कूलरचा ओला झोत कारण असतो. एका बाजूने गारठा आणि पाण्याचे तुषार, दुसऱ्या बाजूने भट्टी, असं कपाट ठेवू नका. निदान पाच-सहा फूट अंतर आणि झोत दुसरीकडे.

‘नको वाटला तर रंग काढता येतो’

इथे सर्वांत मोठी फसगत आहे. सागाची छिद्रं उघडी, लांबट असतात. कोऱ्या लाकडावर ऑइल पेंट लावला की तो छिद्रांत उतरतो. पुढे खरवडून सपाट भाग मोकळा होतो, पण छिद्रांतल्या पांढऱ्या-निळ्या रेघा तशाच राहतात. त्या घालवायला पृष्ठभाग मिलिमीटरभर तासावा लागतो, म्हणजे जुना मुरलेला रंग, कडांची गोलाई, नक्षीची धार सगळं गेलं. देव्हाऱ्याच्या महिरपीतून रंग काढताना पटाशीची टोकं नक्षीच उडवतात.

त्यात शिसं. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर दशलक्ष भागांत ९० भाग ही मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, लाल आणि हिरव्यात, शिसं असण्याची शक्यता धरूनच चाला. असा रंग कोरडा घासला की धूळ घरभर होते आणि रांगत्या मुलाच्या हातातून पोटात जाते. म्हणून पाणी मारत ओल्यानेच घासा, खाली प्लॅस्टिक पसरा, मुलांना आणि गरोदर बाईला त्या खोलीत येऊ देऊ नका. हॉट एअर गन वापरायची तर ४०० अंशांच्या आत, आणि ब्लोलॅम्प अजिबात नको. खरवडलेले पापुद्रे, रंगीत लाकडाचे तुकडे बंबात किंवा चुलीत घालू नका. कॉस्टिक सोड्याने रंग निघतो हे खरं, पण साग काळा पडतो, धागे उभे राहतात आणि सांध्यातला सरस सुटतो.

‘काळं पडलंय म्हणजे लाकूड गेलंय, झाकून टाका’

टोचा घेऊन काळ्या जागी दाबून बघा. टोक रुतलं तर कूज, नाही रुतलं तर फक्त डाग. देव्हाऱ्याचा काळेपणा बहुधा तुपाच्या दिव्याची काजळी आणि धुपाचं किटण असतं. ते टर्पेंटाइनच्या बोळ्याने सुटतं. खिळ्याभोवतीचा निळसर काळा डाग वेगळा, तो लोखंड, ओल आणि लाकडातलं टॅनिन यांचा. त्यासाठी आधी पॉलिश काढून एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड विरघळवा. फक्त डागाला नको, पूर्ण फळीला लावा, नाहीतर मध्येच फिकट ठिपका उठून दिसतो. वीस मिनिटांनी स्वच्छ पाण्याने तीनदा पुसा आणि दोन दिवस सावलीत वाळवा. हे विष आहे: हातमोजे घाला, भांडं स्वयंपाकातलं नको. नीट न धुता वाळलं तर घासताना त्याची पूड नाका-घशाला झोंबते.

‘पॉलिश महाग, आणि आपल्याला जमत नाही’

आधी बघा, नव्या पॉलिशची गरज तरी आहे का. न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा थेंब टाका. मिनिटभरात चिकट झालं तर ते लाखेचं पॉलिश. त्यावर नवा हात मारला की नवी लाख जुन्या थरात विरघळून एकजीव होते, सगळं खरवडावं लागत नाही. खर्चाचा खरा हिशेब इथे आहे. ऑइल पेंटचा थर जुन्यावर नुसता बसतो, एकजीव होत नाही, पोपडे आले की पुन्हा शून्यातून सुरुवात. स्पिरिटने काही झालं नाही पण थिनरने विरघळलं तर लॅकर. दोन्हींना दाद न देणारं ते वॉर्निश किंवा पीयू (पॉलियुरेथेन).

लाखेचं जुनं पॉलिश पूर्ण काढायचं असेल तर घासू नका. स्पिरिटने भिजवलेलं फडकं दोन-तीन मिनिटं ठेवा, मऊ झालेला थर बोथट पट्टीने रेषांच्या दिशेने ओढा, उरलेला बारीक स्टील वूलने पुसा. मग १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग १८०, मग २२०. ओल्या फडक्याने पुसून धागे उभे राहू द्या आणि वाळल्यावर ३२०चा हलका हात. ६० किंवा ८०ने कधीच सुरू करू नका, त्याचे आडवे ओरखडे पॉलिशखाली ठळक दिसतात. फळीवर पातळ पापुद्र्याचं व्हिनियर असेल तर मशीन लावायचंच नाही.

छिद्रं भरायला चॉक पावडरमध्ये गेरू आणि थोडी पिवळी माती मिसळा. छटा लाकडापेक्षा किंचित गडद हवी, नुसती पांढरी पावडर भरली तर महिनाभरात छिद्रं पांढरी डोकावतात. ती डबल बॉइल जवस तेलात खिरीइतकी पातळ कालवा, रेषांना आडवी चोळा, ओसरली की गोणपाटाने पुसा आणि दोन दिवस सोडा. खायचं जवस तेल यात चालत नाही, ते आठवडे वाळत नाही. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवस तेल सुकताना तापतं आणि चुरगळलेलं फडकं आपोआप पेट घेतं, आपल्या उन्हाळ्यात तर जास्तच. ती पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवा.

पॉलिश: एक लिटर स्पिरिटमध्ये १५० ग्रॅम चपडा लाख, काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या भांड्यात. लोखंडी डब्यात लाख काळवंडते. रात्रभर मधूनमधून हलवा, सकाळी मलमलमधून गाळा. लागेल तेवढंच बनवा, सहा महिन्यांहून जुनं पॉलिश सुकत नाही. शंका असेल तर काचेवर थेंब टाका आणि तासाभराने नख लावून बघा. २०-२५ चौरस फुटांच्या कपाटाला साधारण २०० ग्रॅम लाख आणि सव्वा ते दीड लिटर स्पिरिट पुरतं.

सुती कापडात कापसाचा बोळा बांधा आणि तो पॉलिशमध्ये बुडवून चांगला पिळा. ओल बोटाला लागावी, थेंब पडू नये. रेषांच्या दिशेने एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे सरळ जा. मध्ये थांबलात तर बोळा चिकटतो आणि खालचा थर उपटतो. अडखळू लागला तर जवसाचा एकच थेंब बोळ्याला लावा. अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतराने चार-पाच हात, रात्रभर विश्रांती, ४०० नंबरचा हलका हात, मग पुन्हा चार-पाच हात. पहिले तीन हात बघून निराश होऊ नका, चमक सहाव्या-सातव्या हातानंतर येते. कपाट आठवडाभराने भरा.

वेळ चुकली तर हात कितीही चांगला असो, काम बिघडतं. मे महिन्याच्या दुपारी स्पिरिट बोळ्यातच उडतं आणि पट्टे पडतात. आखाजीच्या आधी करायचंच तर पहाटे सहा ते नऊ, पंखा आणि कूलर बंद करून. पावसाळ्यात हवेतली ओल थरात अडकते आणि पांढुरकी झाक येते. दसऱ्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. स्पिरिट पेटतं, देव्हाऱ्याचं काम चालू असताना खोलीत समई नको.

जेवणाच्या टेबलावर मात्र लाख नको. गरम पातेलं किंवा ओला पेला ठेवला की पांढरं कडं उठतं. तिथे पीयू लावा, पण सागाला आधी थिनरने पुसून घ्या.

पेंट कुठे योग्य

प्लायवूड, खोक्यांचं लाकूड, तीन जातींच्या फळ्या जोडलेलं सामान, मोरीचं दार, ऊन-पाऊस झेलणारी खिडकी: इथे रंगच लावा, पॉलिशचा आग्रह चुकीचा ठरेल. अंजनाच्या खांबावर मात्र कधीच नको. ते लाकूड पाण्यात बुडावं इतकं जड आणि गडद असतं, त्याला मेण-टर्पेंटाइनचा हात पुरतो.

सागाचं सामान असूनही घरच्यांनी रंगाचाच निश्चय केला असेल, तर निदान एवढं करा. आधी लाखेच्या पॉलिशचे दोन-तीन हात देऊन छिद्रं बंद करा, २२०ने हलकं घासा, आणि मगच रंग लावा. पॅनेलच्या खोबणीत ब्रश घालू नका. पुढे कोणाला रंग काढावासा वाटला तर खालची लाख स्पिरिटने सुटेल आणि रंग छिद्रांत उतरलेला नसेल.