अण्णांचं बुद्धिबळ गेलं कुठे?

घरात माणसं चार आणि कॉम्प्युटर एक असेल तर प्रत्येकाचं वेगळं अकाउंट काढावं, असा सल्ला सगळे जाणकार देतात. जाणकारांच्या घरी बहुधा माणशी एक कॉम्प्युटर असतो.

आमच्याकडे आधी सगळ्यांचं मिळून एकच अकाउंट होतं आणि त्यापायी रोजची धुसफुस ठरलेली. नवऱ्याला डेस्कटॉप रिकामा लागतो, म्हणून तो इतरांच्या फायली ‘जुनं’ नावाच्या फोल्डरमध्ये ढकलून मोकळा व्हायचा. चिरंजीव सारखे वॉलपेपर बदलायचे, आणि तेही असे भडक की त्यावर एक आयकॉन धड दिसू नये. सासरे, म्हणजे आमचे अण्णा, सगळं डेस्कटॉपवरच ठेवतात, कारण जे डोळ्यांसमोर नाही ते कॉम्प्युटरमध्ये नाहीच असं त्यांचं ठाम मत आहे. शेवटी मी पदर खोचला आणि ज्याला त्याला वेगळं अकाउंट काढून दिलं, जुनं तेवढं स्वतःकडे ठेवलं. स्वतः अ‍ॅडमिनिस्ट्रेटर झाले आणि बाकीच्यांना ‘स्टँडर्ड युजर’ केलं. मला विचारल्याशिवाय घरात काही होणार नाही अशी सोय कुणी आयती करून देत असेल, तर ती नाकारण्याइतकी मी थोर नाही.

सगळे आपापल्या वॉलपेपरपुढे खुशीत बसले. तेवढ्यात अण्णांची हाक आली, “अगं, माझं बुद्धिबळ कुणी पळवलं?”

अण्णांच्या कोऱ्या करकरीत डेस्कटॉपवर रिसायकल बिन होता, एक ब्राउझर होता, बाकी मैदान साफ. स्टार्ट मेनू धुंडाळला, तिथेही बुद्धिबळाचा पत्ता नाही. माझ्या अकाउंटमध्ये जाऊन पाहिलं तर ते होतं तिथेच, हत्ती-घोड्यांसकट.

“कॉम्प्युटर तोच ना?” अण्णांनी विचारलं.

“हो.”

“मग बुद्धिबळ गेलं कुठे?”

प्रश्न चोख असला की उत्तर देणाऱ्याची फार पंचाईत होते.

खरं उत्तर असं, की प्रोग्रॅम टाकताना एक खिडकी समोर येते आणि विचारते, ‘फक्त माझ्यासाठी’ टाकू की ‘हा कॉम्प्युटर वापरणाऱ्या सर्वांसाठी’? ही खिडकी येते कधी, तर माणूस ‘नेक्स्ट, नेक्स्ट, मान्य आहे, नेक्स्ट’ अशा वेगात असतो तेव्हा. एवढा तात्त्विक प्रश्न त्या वेगात विचारायचा नसतो. बरं, ठिपका बहुतेक वेळा ‘फक्त माझ्यासाठी’वर आधीच लावून ठेवलेला. आणि हल्लीचे कितीतरी प्रोग्रॅम तर विचारायच्याही फंदात पडत नाहीत. ते थेट टाकणाऱ्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये, त्यातल्या ‘अ‍ॅपडेटा’ नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये, त्यातल्या ‘लोकल’मध्ये आणि त्यातल्या ‘प्रोग्रॅम्स’मध्ये जाऊन बसतात. तिथे दुसऱ्या अकाउंटला प्रवेश नाही.

हे मी अण्णांना जमेल तसं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे बुद्धिबळ तुझ्या खोलीत आहे आणि खोलीला कुलूप आहे.”

“अगदी बरोबर.”

“मग दिवाणखान्यात आण. त्यात काय एवढं?”

त्यात काय एवढं, हे पुढे कळत गेलं.

वास्तविक एका यंत्रावर अनेकांनी काम करणं ही कल्पना आजची नाही. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात १९६१ साली एकाच कॉम्प्युटरवर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याचं प्रात्यक्षिक झालं. ज्याचे कागद त्याच्यापाशी राहावेत म्हणून पासवर्डही त्याच यंत्रणेत आले. तिथेच एकदा रोजच्या सूचनेची फाईल आणि पासवर्डची फाईल यांची अदलाबदल झाली, आणि जो कुणी लॉगिन करेल त्याच्यापुढे सगळ्यांचे पासवर्ड झळकू लागले. ‘सर्वांसाठी’चा इतका प्रामाणिक अर्थ त्यानंतर कुणी लावलेला नाही. मग घरोघरी पर्सनल कॉम्प्युटर आले आणि यंत्राला वाटू लागलं की जगात आपला मालक एकटाच. विंडोज ९५ नाव आणि पासवर्ड विचारायची खरी, पण ‘कॅन्सल’ दाबलं की मुकाट्याने आत घ्यायची. २००१ साली विंडोज एक्सपी आली. तिच्यात प्रत्येकाच्या नावापुढे फूल, फुटबॉल असली चित्रं होती, पण बहुतेक घरांत सगळेच अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, त्यामुळे धाक कुणालाच कुणाचा नाही. २००७ मध्ये व्हिस्टा लोकांच्या हाती पडली. तेव्हापासून काहीही टाकायला गेलं की पडदा अंधारतो आणि परवानगी मागितली जाते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना ही परवानगी म्हणजे डोक्याला ताप. त्यांनी सरळ वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये मुक्काम हलवला, कारण तिथे परवानगी लागतच नाही. कचेऱ्यांमध्ये साहेबाला न विचारता ब्राउझर टाकता येतो तो असाच. माझं मत विचाराल तर सुरक्षेच्या नावाखाली केलेल्या या सगळ्या खटाटोपाचा पहिला बळी अण्णांचं बुद्धिबळ आहे.

तर मी दिवाणखाना शोधायला निघाले. विंडोजमध्ये तो खरोखरच असतो: सी ड्राइव्ह, त्यात ‘युजर्स’, त्यात ‘पब्लिक’, त्यात ‘डेस्कटॉप’. इथे जे ठेवाल ते प्रत्येकाच्या डेस्कटॉपवर दिसतं. हे फोल्डरही मुळात लपवलेलंच. सार्वजनिक गोष्ट लपवून ठेवण्यामागे कुणाचं डोकं असेल ते असो. मी बुद्धिबळाचा शॉर्टकट तिथे नेऊन टाकला. अण्णांच्या डेस्कटॉपवर घोड्याचं चित्र उमटलं. अण्णांनी चश्मा सारखा केला, डबल क्लिक केलं आणि उत्तर आलं की ही फाईल उघडायची तुम्हाला परवानगी नाही. शॉर्टकट म्हणजे नुसता पत्ता, आणि पत्ता माझ्या कुलूपबंद खोलीचा.

“घोडा आला, पण चालत नाही,” अण्णा म्हणाले.

मग मी अख्खं फोल्डरच उचललं आणि ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये डकवलं. ती जागा खरी सामायिक. वाचायला सगळ्यांना मोकळी, बदल करायला फक्त अ‍ॅडमिनिस्ट्रेटरला. शॉर्टकटचा पत्ता बदलला आणि यावेळी पट उघडला! सोंगट्या जागच्या जागी. अण्णांनी राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे सरकवलं आणि हाताची घडी घालून बसले. मी स्वयंपाकघरात गेले. बऱ्याच वेळाने बाहेर आले तर ते तसेच बसलेले.

“काय झालं?”

“विचार करतोय,” अण्णा हलक्या आवाजात म्हणाले. “आज फारच खोलात शिरलाय.”

तो विचार करत नव्हता. तो तिथे नव्हताच. बुद्धिबळाच्या या प्रोग्रॅममध्ये पट वेगळा आणि खेळणारं डोकं वेगळं असतं, आणि ते डोकं कुठल्या फाईलमध्ये आहे याची नोंद माझ्या अकाउंटच्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, होती. प्रत्येक अकाउंटची रजिस्ट्री ज्याची त्याची. फोल्डर उचलून आणलं तरी त्या नोंदी मागेच राहतात. अण्णा इतका वेळ एका रिकाम्या खुर्चीशी खेळत होते आणि तिच्याविषयी त्यांचा आदर वाढत चालला होता.

म्हटलं, आता आडवळणं नकोत. अण्णांच्याच अकाउंटमध्ये बसून रीतसर टाकू. त्यांच्या अकाउंटमध्ये इन्स्टॉलर घेतला, उजवं बटण दाबून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ निवडलं, पडदा अंधारला, मी माझा पासवर्ड दिला, हिरवी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकली, ‘अभिनंदन’ झालं. आणि अण्णांच्या मेनूत काहीही नाही. शोधाशोध केल्यावर बुद्धिबळ सापडलं ते पुन्हा माझ्या खोलीत! यातली मेख अशी, की पासवर्ड माझा दिल्यामुळे इन्स्टॉलरच्या लेखी खुर्चीत मी बसले होते. त्याने विचारलं ‘फक्त माझ्यासाठी?’, आणि ‘मी’ म्हणजे पासवर्ड देणारी. अण्णांच्या अकाउंटमध्ये, अण्णांच्या देखत, अण्णांसाठी टाकलेलं बुद्धिबळ त्याने इमानेइतबारे माझ्या घरी पोचतं केलं. नियमाला धरून वागणाऱ्याशी वाद घालता येत नाही, म्हणून मी नुसती त्या पट्टीकडे बघत बसले.

या शोधाशोधीत आणखी एक भानगड उघडकीला आली. चिरंजीवांच्या अकाउंटमध्ये एक मोटारींच्या शर्यतीचा गेम मुक्कामाला होता. पासवर्ड माझ्यापाशी, मग हा आला कुठून? चिरंजीवांनी जराही न बिचकता सांगितलं, “आई, ‘ओन्ली फॉर मी’ केलं की पासवर्ड मागतच नाही.” मला जे पुरती संध्याकाळ खर्ची घालून कळलं, ते या पोराला उपजत ठाऊक होतं. आमच्या घरात सुरक्षेची एवढीच एक बाजू कुणाला तरी नीट समजली आहे, आणि ती चुकीच्या माणसाला.

याच सुमारास धाकट्या दिरांचा फोन आला. ते लिनक्सवाले, म्हणजे विंडोजऐवजी लिनक्स ही यंत्रणा वापरणारे.

“वहिनी, आमच्याकडे हा प्रश्नच येत नाही. सुडो अ‍ॅप्ट इन्स्टॉल अशी आज्ञा दिली की प्रोग्रॅम अख्ख्या घराला मिळतो. मॅकवालेसुद्धा ‘अ‍ॅप्लिकेशन्स’मध्ये ओढून टाकतात की सगळ्यांना दिसतं. तुमचंच काहीतरी विचित्र आहे.”

मी मुकाट ऐकून घेतलं. मागून जाऊबाईंचा आवाज आला, “यांना विचारा, माझ्या अकाउंटवर काल ‘कमांड नॉट फाउंड’ कशाला येत होतं ते!” दिरांनी तो प्रोग्रॅम स्वतःच्या होम फोल्डरमधल्या ‘डॉट लोकल’मध्ये टाकला होता, आणि तिथवर जाऊबाईंचा पाथ, म्हणजे प्रोग्रॅम कुठे कुठे शोधायचे त्याची यादी, पोचत नव्हता. म्हणजे खोल्या तिकडेही आहेत, फक्त कुलपं वेगळ्या कंपनीची. दिरांनी नेटवर्क गेल्याचं निमित्त करून फोन ठेवला.

खरा उपाय इतका साधा निघाला की सांगायला लाज वाटावी. आधीचं सगळं अनइन्स्टॉल करायचं, पुन्हा टाकायला घ्यायचं, ‘कस्टम’ नावाच्या बटणामागे दडवलेला ‘सर्वांसाठी’चा ठिपका शोधायचा, तो लावायचा, आणि मगच ‘नेक्स्ट’ म्हणायचं. मग प्रोग्रॅम आपण होऊन ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये जातो आणि स्टार्ट मेनूतली नोंद ‘प्रोग्रॅमडेटा’मध्ये, म्हणजे सगळ्यांच्या मेनूत, होते. काही प्रोग्रॅमना हा ठिपकाच नसतो. त्यांची टाकायची फाईल एमएसआय जातीची, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या इन्स्टॉलरसाठी बनवलेली, असेल तर काळी खिडकी उघडून एका लांबलचक आज्ञेच्या शेवटी ‘ऑलयुजर्स इज इक्वल टू १’ असं लिहावं लागतं. पीडीएफ वाचायच्या एका प्रोग्रॅमसाठी मी ते केलं तेव्हा नवरा मागून जाता जाता थबकला आणि दोन पावलं मागे सरून उभा राहिला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असा आदर मी प्रथमच पाहिला. स्टोअरमधून घेतलेल्या अ‍ॅप्सची तऱ्हा आणखी निराळी, ती ज्याने त्याने आपल्या अकाउंटमधून घ्यावी हे बरं. फाँटचंही तेच. २०१८ पासून विंडोज १० मध्ये फाँटसुद्धा एकट्यापुरता टाकता येतो, त्यामुळे माझ्या अकाउंटमध्ये देखणं दिसणारं पत्र अण्णांकडे भलत्याच अक्षरात उघडतं. उजवं बटण दाबून ‘सर्वांसाठी’ निवडलं की ते मिटतं.

बुद्धिबळ आलं, डोक्यासकट आलं. तरी अण्णांचं तोंड उतरलेलंच. प्रोग्रॅम सामायिक झाला तरी त्यातल्या नोंदी ज्याच्या त्याच्याच, त्यामुळे त्यांनी जिंकत आणलेला डाव माझ्या खोलीत अडकलेला आणि इकडे प्रोग्रॅम त्यांना विचारत होता, ‘तुम्ही नवशिके आहात का?’ हा अपमान मी ताबडतोब धुऊन काढला. त्या डावाची फाईल माझ्या अकाउंटमधल्या ‘रोमिंग’ नावाच्या फोल्डरमधून त्यांच्या ‘रोमिंग’मध्ये नेली, आणि अण्णांचा वजीर होता तिथे उभा राहिला.

एवढ्यावर भागतंय असं वाटत होतं, तोच नवरा आला. त्याच्या रिकाम्या, पवित्र डेस्कटॉपवर घोडा बसला होता.

“हा काढता येत नाहीये. तुझा पासवर्ड मागतोय.”

“कारण तो तुझा नाही, सर्वांचा आहे. मी पासवर्ड दिला तर तो सगळ्यांकडूनच जाईल.”

“मग दे की! अण्णांना मेनूतून उघडता येईल.”

“मेनूबिनू मला जमणार नाही,” आतून अण्णा म्हणाले. त्यांना एरवी दोनदा हाक मारल्याशिवाय ऐकू येत नाही.

मी आयकॉन पब्लिक डेस्कटॉपवरून काढून एकट्या अण्णांच्या डेस्कटॉपवर ठेवायची तयारी दाखवली. पण अण्णांनी ती तत्त्वाचा मुद्दा म्हणून धुडकावली. प्रोग्रॅम सर्वांसाठी असेल तर आयकॉनही सर्वांसाठी हवा, नाहीतर बाकीच्यांना आपल्या घरात बुद्धिबळ आहे हे कळणार कसं? नवऱ्याने मग उजवं बटण दाबून आपल्या डेस्कटॉपवरचे सगळेच आयकॉन दिसेनासे केले. तेवढा अधिकार स्टँडर्ड युजरला असतो. अण्णांना हे अजून कळलेलं नाही. त्यांना आता पत्ते हवे आहेत, तेही सर्वांसाठी, आणि तो अर्ज सध्या माझ्याकडे पडून आहे.